रंगाला धक्का न लावता : जुने स्टिकर आणि त्यांचा गोंद काढण्याच्या कामाची ओळख

रंगवलेल्या पत्र्यावरचा जुना स्टिकर काढायचा म्हणजे एकावर एक बसलेल्या चार थरांपैकी वरचे दोन काढून खालचे दोन राखायचे. सर्वांत वर कागदाची किंवा व्हिनाइलची पट्टी, तिच्याखाली गोंद, गोंदाखाली रंग आणि रंगाखाली धातू. पट्टी आणि गोंद जायला हवेत, रंग जसाच्या तसा राहायला हवा. अडचण अशी की व्हिनाइल, गोंद आणि रंग ही तिन्ही बहुवारिकेच, एकाच कुळातली. गोंद विरघळवणारा द्रावक रंगही विरघळवू शकतो, पट्टी मऊ करणारी उष्णता रंगही मऊ करते आणि गोंद खरवडणारे पाते रंगावर ओरखडा उठवते. या विषयातले सारे शास्त्र आणि सारी कारागिरी याच पेचातून वाट काढताना घडली आहे.

हा पेच रोजच्या वस्तूंत भेटतो. मोटरसायकलच्या टाकीवरचे ऊन खाऊन तडकलेले रेडियम, लोखंडी कपाटाच्या दारावर मुलांनी चिकटवलेली चित्रे, टेम्पोच्या दारावर राहून गेलेले आधीच्या मालकाचे नाव, बसच्या पत्र्यावरची मुदत संपलेली जाहिरात. बहुतेक ठिकाणी उपाय ठरलेला असतो : आधी नख, मग ब्लेड, मग थिनर. स्टिकर निघतो खरा, पण त्याच्या जागी निस्तेज, खरबरीत डाग कायमचा राहतो आणि ब्लेडने उघडी पाडलेली रेघ पहिल्याच पावसाळ्यात गंजाला वाट करून देते. हे टाळता येते. त्यासाठी महाग साधने लागत नाहीत. खाली कोणता रंग आहे हे आधी ओळखावे लागते. प्रस्तुत पुस्तकाचा सगळा भर या ओळखीवर आहे.

चिकटपट्ट्या येण्यापूर्वी पत्र्यावरची अक्षरे ब्रशने रंगवली जात. एकोणिसाव्या शतकात कारखान्यांतून एकसारखा माल बाहेर पडू लागला, प्रत्येक नगावर तीच नक्षी हाताने काढणे परवडेना, आणि कागदावर छापलेली नक्षी धातूवर उतरवण्याची पद्धत रुळली. आपल्याकडच्या घरांतले तिचे सर्वांत ओळखीचे उदाहरण म्हणजे शिलाई मशीन. जुन्या सिंगर मशीनच्या काळ्याभोर अंगावरची सोनेरी वेलबुट्टी ही अशी उतरवलेली नक्षी असते आणि तिच्यावर पारदर्शक वार्निशचा, बहुतेकदा लाखेचा, एक पातळ हात दिलेला असतो. लाख स्पिरिटमध्ये विरघळते. मशीन चकचकीत करण्याच्या हौसेने कुणी तिच्यावर स्पिरिटचा बोळा फिरवला, तर खालचा काळा रंग शाबूत राहतो आणि कित्येक दशकांची वेलबुट्टी बोळ्यावर उतरते. त्यावर नंतर काही उपाय नाही. त्याच मशीनवर पुढे कुणी दुकानाचे लेबल किंवा देवाचे चित्र चिकटवलेले असेल, तर काढायचे ते हे वरचे; नक्षी नव्हे. कोणता थर काढायचा हे ठरवल्याशिवाय बाटली उघडू नये, हा या कामातला पहिला धडा अशा वस्तूंनी शिकवला.

दाबताच चिकटणारा गोंद वेगळ्या वाटेने आला. रबराचा असा गोंद लावलेल्या औषधी पट्टीचे पेटंट अमेरिकेत १८४५ मध्येच घेतले गेले होते. १९२० च्या दशकात तिथे दुरंगी मोटारींची फॅशन आली. एक रंग झाकून दुसरा मारताना रंगारी कागद आणि मिळेल ती चिकटपट्टी वापरत. ती काढताना नवा रंगही तिच्याबरोबर उपटून येई. थ्रीएम या पॉलिश पेपर बनवणाऱ्या कंपनीतल्या रिचर्ड ड्रू याने गॅरेजांत हे हाल पाहिले आणि १९२५ मध्ये मास्किंग टेप तयार केली. आजच्या चिकटपट्ट्यांची ही पूर्वज रंगवलेल्या पत्र्यावरून सुखरूप निघावी याच हेतूने जन्माला आली, ही बाब या विषयाच्या अभ्यासकाने लक्षात ठेवण्यासारखी आहे. पुढे १९३५ मध्ये लॉस एंजेलिसला स्टँटन एव्हरी याने मागचा कागद सोलून लावायचे लेबल बाजारात आणले. दुसऱ्या महायुद्धानंतर कागदाची जागा पीव्हीसीच्या पट्टीने आणि रबराची जागा हळूहळू ॲक्रिलिक गोंदाने घेतली. रस्त्यावरच्या दुकानांत ज्याला सरसकट ‘रेडियम’ म्हणतात ते बहुतेक वेळा हेच, पीव्हीसी आणि ॲक्रिलिकचे जोडपे असते.

या पट्टीतही दोन जाती आहेत आणि काढणाऱ्याला तो फरक हाताला लगेच कळतो. ओतून बनवलेली पट्टी पातळ, लवचीक आणि टिकाऊ असते. ती वर्षानुवर्षांनंतरही बरीचशी सलग निघते. रुळांतून दाबून काढलेली पट्टी स्वस्त आणि जाड असते, आत ताण घेऊन बसलेली असते आणि काळाच्या ओघात आक्रसते. पीव्हीसी मुळात कडक. त्याला मऊपणा येतो तो आत मिसळलेल्या तेलासारख्या पदार्थामुळे. उन्हात हा पदार्थ पट्टीतून बाहेर पडतो आणि काही अंशी खालच्या गोंदात उतरतो. परिणामी पट्टी पापडासारखी तडकते आणि गोंद लिबलिबीत होतो. जुना स्टिकर नखाएवढ्या तुकड्यांत निघतो आणि खाली चिकट लेप सोडतो, त्याचे कारण हे.

गोंदाचेही वय वाढते, पण प्रत्येकाचे वेगळ्या रीतीने. रबरी गोंद हवेतल्या प्राणवायूने आधी पाघळतो, मग पिवळा पडून कडक होतो. ॲक्रिलिक गोंद उन्हाला दाद देत नाही. मात्र दिवस जातील तसा पृष्ठभागाच्या बारीक खाचाखोचांत शिरून पकड घट्ट करत जातो. दोन्ही गोंद अर्धे द्रव आणि अर्धे घन असतात. हळू दाबले की वाहतात, झटका दिला की ताठ होतात. काढण्याच्या बऱ्याचशा युक्त्या या दुहेरी स्वभावाचा फायदा घेतात.

रंगाचा इतिहास याच काळात समांतर चालत होता. १९२३ मध्ये अमेरिकेत ड्यूपॉण्टचा ‘ड्यूको’ हा नायट्रोसेल्युलोजचा रंग मोटारींवर आला आणि काही दिवसांचे वाळवणे काही तासांवर आले. भारतातल्या गॅरेजांत आणि फर्निचरच्या कामात ‘ड्यूको’ आणि ‘एनसी’ हे शब्द आजही चालतात. हा रंग फक्त द्रावक उडून जाऊन वाळतो. त्यात कोणतीही रासायनिक बांधणी होत नाही. म्हणून कितीही वर्षांनी त्याच्यावर थिनर पडला तर तो पुन्हा पातळ होतो. त्यानंतर आलेला अल्किड एनॅमल हवेतल्या प्राणवायूशी संयोग पावून घट्ट होतो, थिनरने सुरकुततो, पण टर्पेंटाइन थोडा वेळ सहन करतो. भट्टीत भाजलेला एनॅमल त्याहून कणखर. दोन घटक मिसळून मारायचा पीयू रंग, आणि १९८० च्या दशकापासून मोटारींवर रूढ झालेली खाली रंगीत व वर पारदर्शक अशी दुपदरी पद्धत, हे आजचे सर्वांत सोशिक प्रकार. कपाटे, खुर्च्या आणि वाहनांच्या सांगाड्यांवरची पावडर कोटिंग दिसायला भक्कम असते, पण थिनर किंवा ॲसिटोनने तिची चकाकी जाते. एकच गोंद एनसी रंगावर असेल तर काढणे जोखमीचे आणि पीयूवर असेल तर सोपे. गोंद तोच, कृती मात्र पूर्ण वेगळी.

काढण्याच्या पद्धतींची ढोबळमानाने चार घराणी आहेत. पहिले उष्णतेचे. ऊब मिळाली की तडकणारी पट्टी पुन्हा लवते आणि गोंदाची पकड सैल होते. इथे ‘जितके गरम तितके सोपे’ हा समज घात करतो. गोंद फार तापला की तो रंगापासून न सुटता स्वतःच्याच जाडीत दुभंगतो. अर्धा पट्टीबरोबर येतो, अर्धा पत्र्यावर राहतो. साधारण ५० ते ६० अंश सेल्सिअसची ऊब, म्हणजे पत्रा हाताला चांगला गरम लागावा पण भाजू नये इतकी, बहुतेक कामांना पुरते आणि ती केस वाळवण्याच्या यंत्रातूनही मिळते. हीट गनच्या तोंडाशी हवा ५०० अंशांच्याही वर जाऊ शकते, म्हणून ती अनुभवी हातातच असावी. कोपरा प्लास्टिकच्या कार्डाने उचलायचा, सुटलेली पट्टी तिच्यावरच उलटी दुमडायची आणि पत्र्याला जवळजवळ समांतर ठेवून एकसारखी, न थांबता ओढायची. सरळ वर खेचली तर सगळा जोर एका रेषेवर येतो आणि रंगाचे पोपडे निघतात.

पेट्रोलच्या टाकीचे काम मात्र वेगळे धरले पाहिजे. यामाहा आरएक्स १०० सारख्या जुन्या गाड्या नव्याने उभ्या करण्याची हौस महाराष्ट्रात मोठी आहे आणि त्यांच्या टाकीवरच्या पट्ट्यांचा प्रश्न हटकून येतो. पेट्रोलची वाफ शून्याच्या खूप खालच्या तापमानालाही पेट घेऊ शकते. रिकाम्या टाकीत ती भरलेल्या टाकीपेक्षा जास्त असते. अशा टाकीवर हीट गन चालवू नये. गाडीवरून उतरवून, रिकामी करून, धुऊन, वाफ गेल्यावर गरम पाण्यात पिळलेले फडके पट्टीवर ठेवणे हा सुरक्षित मार्ग. त्याआधी आणखी एक तपासणी हवी. पट्टीच्या कडेवरून नख फिरवावे. कड नखाला अडखळली तर पट्टी वर आहे. कड लागलीच नाही, तर ती पारदर्शक लॅकरच्या खाली गेलेली आहे आणि कोणतीही ऊब किंवा द्रावक तिला सुखरूप बाहेर काढणार नाही. पॉलिश पेपरने घासून पुन्हा रंग देणे एवढेच उरते.

दुसरे घराणे द्रावकांचे, आणि सर्वांत जास्त गैरसमज इथलेच. समानाला समान विरघळवते हा जुना ठोकताळा जोएल हिल्डेब्रँड याने १९३० च्या दशकात आकड्यांत बसवला आणि चार्ल्स हॅन्सन याने १९६७ मध्ये त्याला तीन मापे दिली. गॅरेजपुरता त्याचा अर्थ सोपा आहे. रबरी गोंद तेलकट कुळातल्या द्रावकांना वश होतो : खोबरेल, नीलगिरीचे तेल, रॉकेल, मिनरल टर्पेंटाइन. ॲक्रिलिक गोंद या मंडळींनी फुगतो, पण पुरता सुटायला बहुधा आयसोप्रोपिल अल्कोहोल लागते. चाचणी कापसाच्या काडीने, टाकीच्या पोटाशी किंवा दाराच्या आतल्या बाजूस घ्यायची. आधी टर्पेंटाइन, मग अल्कोहोल. दर वेळी काडीकडे बघायचे. काडीवर गोंद आला आणि रंग आला नाही, तर तोच द्रावक वापरायचा. रंग उतरला तर तो उन्हाने भुकटी झालेला वरचा थर आहे की द्रावकाने खरेच रंग सुटतो आहे, हे दुसऱ्या स्वच्छ काडीने पाहायचे. थिनर आणि ॲसिटोन हे शेवटचे, आणि एनसी रंगावर कधीच नाही.

द्रावकाला वेळ द्यावा लागतो, जोर नव्हे. भिजवलेला कापूस गोंदावर ठेवून वर प्लास्टिकचा कागद झाकला तर दहा मिनिटांत जे होते ते अर्धा तास घासूनही होत नाही. उन्हात हे काम करू नये. द्रावक गोंदात मुरण्याआधीच उडून जातो. मऊ झालेला गोंद कडेकडून मध्याकडे गोळा करावा आणि फडक्याची घडी सतत बदलावी, नाहीतर इथला गोंद तिथे पसरतो. शेवटी साबणाच्या पाण्याने धुणे आलेच, कारण तेलकट थर राहिला तर त्यावर नवा रंग किंवा नवी पट्टी धरत नाही.

द्रावकांच्या निवडीला आरोग्याने आणि कायद्यानेही वळण दिले. एके काळी औद्योगिक सफाईत सर्रास वापरले जाणारे ट्रायक्लोरोइथेन ओझोनच्या थराला घातक ठरले आणि मॉन्ट्रियल कराराखाली १९९६ पर्यंत विकसित देशांत त्याचे उत्पादन थांबले. मोकळी झालेली जागा संत्र्याच्या सालीतून मिळणाऱ्या लिमोनीनने बऱ्याच अंशी घेतली. ते गोंदावर उत्तम चालते. मात्र जुनी, हवा लागलेली बाटली त्वचेला त्रास देऊ शकते, त्यामुळे ‘नैसर्गिक’ या शब्दावर विसंबून हातमोजे टाळू नयेत. रंग उतरवणारे मिथिलीन क्लोराइड अमेरिकेत २०१९ मध्ये घरगुती वापरातून काढले गेले. आपल्याकडे अजूनही सर्वांत सहज हाताशी येते ते पेट्रोल, आणि या कामासाठी त्याच्याइतका वाईट पर्याय नाही. त्यात कर्करोगकारक बेंझीन असते आणि त्याच्या वाफेला दूरची ठिणगीही पुरते.

तिसरे घराणे घासण्या-खरवडण्याचे. प्लास्टिकचे ब्लेड, ड्रिलवर चढवायचे रबरी चाक, आणि चिन्हांच्या मागचा जाड फोमचा टेप कापण्यासाठी मासेमारीचे तंगूस. तंगूस दोन्ही हातांत ताणून चिन्हामागे करवतीसारखे चालवले की धातूचे अक्षर अलगद सुटते आणि पत्र्याला लोखंड लागतच नाही. रबरी चाक पीयूवर भराभर काम करते, पण एका जागी थांबले तर घर्षणाच्या उष्णतेने रंग जळतो. दुपदरी रंगातला पारदर्शक थर साधारण ४० ते ५० मायक्रॉनचा असतो. रबिंग करताना दर वेळी त्यातला थोडा भाग कायमचा जातो, हे कारागिराने विसरू नये. जुन्या पिवळ्या आणि नारिंगी रंगांत लेड क्रोमेट असण्याची शक्यता असते. भारतात रंगातल्या शिशावर ९० पीपीएमची मर्यादा घालणारे २०१६ चे नियम घरगुती आणि सजावटीच्या रंगांपुरते आहेत. वाहनांचे आणि कारखान्यांचे रंग त्यांत येत नाहीत. असा रंग कोरडा घासू नये, ओल्या पॉलिश पेपरनेच घासावा.

चौथे घराणे संग्रहालयांतल्या संवर्धकांचे. रिचर्ड वॉल्बर्स या अमेरिकी संवर्धकाने १९८० च्या दशकात द्रावक पातळ न ठेवता जेलमध्ये बांधून वापरण्याची पद्धत रुजवली. तिचा उगम चित्रांच्या सफाईत आहे, पण रंगवलेल्या धातूलाही ती लागू पडते. जेलमधला द्रावक वाहत नाही, लवकर उडत नाही आणि रंगात खोल उतरत नाही. तो वरच्या गोंदावरच काम करतो. या घराण्याने आणखी एक प्रश्न विचारायला शिकवले, आणि तो तंत्रापेक्षा मोलाचा आहे : हे काढायलाच हवे का? जुन्या सायकलवरचे विक्रेत्याचे लेबल, ट्रकवरचे परवान्याचे आकडे, यंत्रावरची कारखान्याची पट्टी हा त्या वस्तूचा पुरावा असतो. काढायचेच असेल तर आधी छायाचित्र घ्यावे आणि मापे टिपून ठेवावीत.

गोंद गेला तरी काम संपत नाही, कारण मागे ‘सावली’ राहते. स्टिकरखालचा रंग उन्हापासून झाकलेला असतो. आजूबाजूचा रंग विटतो, भुकटी धरतो. त्यामुळे स्टिकर निघाल्यावर त्याच अक्षरांचा गडद ठसा दिसतो. वरवरची भुकटी रबिंग पॉलिशने निघते आणि फरक पुष्कळ कमी होतो. रंगद्रव्यच खोलवर विटले असेल, जसे तांबड्या छटांत नेहमी होते, तर पॉलिशने ठसा फिका होईल, नाहीसा होणार नाही. हे गिऱ्हाईकाला आधीच सांगणे हा प्रामाणिक कारागिराचा धर्म. नव्या वाहनावरचे विक्रेत्याचे स्टिकर पहिल्या वर्षातच काढले तर गोंदाने पकड घेतलेली नसते आणि सावलीही पडलेली नसते.

हा विषय आज महत्त्वाचा झाला तो छापील पट्ट्यांच्या पसाऱ्यामुळे. अख्ख्या बसगाड्या आणि मोटारी जाहिरातींनी मढवल्या जातात, निवडणुकीच्या हंगामात वाहनांवर चिन्हे चढतात आणि उतरतात, जुन्या वाहनाची किंमत त्याचा मूळ रंग किती राहिला यावर ठरते. रस्त्याकडेला पुन्हा रंगवलेल्या वाहनांची अडचण त्याहून अवघड. तिथे लांबी किंवा प्रायमरवर रंगाने नीट पकड घेतलेली नसेल, तर गोंद रंगापेक्षा बलवान ठरतो आणि पट्टीबरोबर रंगाचे सालपट निघते. दाराच्या रबरावर रंगाचे शिंतोडे दिसले तर वाहन पुन्हा रंगवलेले आहे असे समजून दुप्पट सावध राहावे.

हे ज्ञान आजवर मुख्यतः उस्तादाकडून शागिर्दाकडे, हात बघत बघत गेले. त्यातले पुष्कळसे अचूक आहे, काही घातक आहे, आणि दोन्ही सारख्याच खात्रीने सांगितले जाते. रसायनशास्त्राची पुस्तके गॅरेजात पोहोचत नाहीत आणि गॅरेजातले शहाणपण पुस्तकांत येत नाही. या पुस्तकाने दोहोंना एकत्र आणण्याचा प्रयत्न केला आहे. त्याची मांडणी गोंदाच्या प्रकारांवर नाही, रंगाच्या प्रकारांवर आहे. वाचक आपला पत्रा ओळखेल आणि तिथून कृतीकडे जाईल. प्रत्येक कृती सौम्य उपायापासून सुरू होते आणि कुठे थांबायचे तेही सांगते. विशिष्ट कंपनीच्या बाटल्यांची शिफारस टाळली आहे, कारण बाटलीवरचे नाव बदलते, आतला द्रावक बदलत नाही. फसलेल्या कामांची उदाहरणेही दिली आहेत. त्यांतून जास्त शिकता येते.

काच, लाकूड आणि प्लास्टिक यांचा विचार या पुस्तकात नाही. दुचाकीचे साइड पॅनेल आणि मोटारीचे बंपर रंगवलेले असले तरी आतून बहुधा प्लास्टिकचे असतात आणि इथले कित्येक द्रावक व सगळेच उष्णतेचे उपाय त्यांना वाकवू किंवा तडकवू शकतात. म्हणून वाचकाने काम सुरू करण्यापूर्वी पृष्ठभागाला एक लोहचुंबक लावून पाहावे. चुंबक चिकटला तर खाली पोलादी पत्रा आहे आणि पुढची पाने त्याच्या उपयोगाची आहेत. न चिकटल्यास ॲल्युमिनियम की प्लास्टिक याची खात्री करूनच पुढे जावे.